पेल्यातले स्वावलंबन

एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्रालयाने इंटरनेटवरून माल विकणाऱ्या कंपन्यांना एक सूचनापत्र पाठविले. 'हेल्थ ड्रिंक' या नावाखाली मांडलेली सर्व पेये त्या दालनातून काढून टाकावीत, असा त्याचा आशय होता. त्याच महिन्याच्या आरंभी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानेही दूध, धान्य किंवा माल्ट यांवर आधारलेली पेये 'आरोग्यदायी' वा 'ऊर्जादायी' या सदरात विकू नयेत, असे बजावले होते. कारण साधे होते. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' या प्रकाराची व्याख्याच नाही. जो शब्द पाहून दोन पिढ्यांतील आईवडिलांनी महिन्याच्या वाणसामानात तो डबा निष्ठेने लिहिला, त्या शब्दाला कायद्याचा आधारच नव्हता.

या सूचनेनंतर फळीवरील शब्द बदलला. परंतु घरातील गरज बदलली नाही. संध्याकाळी मैदानावरून किंवा शिकवणीवरून परतलेले मूल भुकेलेले असते. रात्रीच्या जेवणाला दोन तास अवकाश असतो. त्या वेळी त्याच्या हाती काय द्यायचे, हा प्रश्न रोजचा आहे आणि तो कोणत्याही सूचनापत्राने सुटत नाही. त्याचे एक उत्तर मात्र बहुतेक मध्यमवर्गीय घरांत आधीपासून हजर आहे. ते म्हणजे फळांच्या टोपलीतील केळी आणि पातेल्यातील दूध. या दोहोंचे घरी केलेले मिल्कशेक ही कोणाला विषयाची क्षुल्लकता वाटेल. पण मुलांचे पोषण, घराचा खर्च, शेतकऱ्याच्या मालाची मागणी आणि ग्राहकाची समज या चारही गोष्टी त्या एका पेल्यात एकत्र येतात.

नाव परके, जोडी घरची

'मिल्कशेक' हा शब्द इंग्रजी आहे. दूध-केळ्याची जोडी मात्र मराठी घराला नवी नाही. अचानक पाहुणा आला आणि पानात गोड काही वाढायचे झाले, की चार केळ्यांच्या चकत्या दुधात टाकून, साखर व वेलची घालून शिकरण होत असे. चूल पेटवावी लागत नसे आणि दहा मिनिटांत पोळीबरोबर पक्वान्न हजर होई. सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्यातही रवा, तूप व साखर यांच्या जोडीला दूध आणि केळे असतेच. शिकरण चमच्याने खायचे आणि मिल्कशेक प्यायचे, एवढाच दोहोंतील भेद. तो भेदही मिक्सरने निर्माण केला.

ज्यूस सेंटरमध्ये मिळणारे मिल्कशेक ही मात्र निराळी गोष्ट आहे. तेथे साखरेचा पाक, आइस्क्रीमचा गोळा आणि भरपूर बर्फ यांच्या गर्दीत केळे शोधावे लागते. बाटलीबंद 'बनाना' पेयांत तर कधी कधी केळे असतही नाही. केळ्याच्या वासाची ओळख ज्या द्रव्यांनी पटते त्यांतील प्रमुख म्हणजे आयसोअमाइल अ‍ॅसिटेट. ते प्रयोगशाळेत स्वस्तात तयार करता येते. त्याचे काही थेंब आणि थोडा पिवळा रंग एवढ्याने जीभ फसते. वेष्टनावर 'केळ्याचा स्वाद' लिहिले आहे की 'केळे' लिहिले आहे, हे म्हणूनच नीट पाहावे लागते.

कृती थोडकी, पण नेमकी

तीन पेल्यांसाठी अर्धा लिटर दूध आणि दोन मध्यम आकाराची पिकलेली केळी पुरतात. वेलची केळी असतील तर ती लहान असल्याने चार-पाच घ्यावीत. दूध उकळून, निववून, शीतकपाटात गार केलेले असावे आणि साय बाजूला काढलेली असावी. गरम दूध मिक्सरमध्ये कधीही फिरवू नये. वाफेच्या दाबाने झाकण उडते आणि भाजते.

केळ्याच्या चकत्या प्रथम अर्धी वाटी दुधाबरोबर फिरवाव्यात. अर्ध्या मिनिटात त्यांचा गुळगुळीत गोळा होतो. मग उरलेले दूध घालून आणखी दहा-पंधरा सेकंद फिरवावे. सारे दूध आरंभीच ओतले तर फेस फार होतो आणि केळ्याचे तुकडे तळाशी तसेच राहतात. दोन वेलदोड्यांची पूड शेवटी घालावी. बर्फ टाळावा, कारण तो वितळून चव पाणचट करतो.

साखरेचा प्रश्न केळ्याच्या निवडीतच सुटतो. कच्च्या केळ्यात पिष्ट असते. फळ पिकू लागले की त्या पिष्टाची साखर होत जाते. सालीवर तपकिरी ठिपके आलेले केळे म्हणजे हे रूपांतर जवळजवळ पूर्ण झालेले केळे. ते घेतले तर वरून साखर लागत नाही. केळे थोडे कमी पिकलेले असेल तर भिजवलेल्या दोन खजुरांनी काम भागते. घरातील माणसे ज्या ठिपकेदार केळ्यांकडे 'जास्त पिकली' म्हणून पाठ फिरवतात, तीच या कामाला सर्वोत्तम होत. अशी केळी एकदम जास्त झाली, तर सोलून, चकत्या करून, झाकणाच्या डब्यात बर्फाच्या कप्प्यात ठेवावीत. ती काही आठवडे टिकतात. गोठलेल्या चकत्यांचे मिल्कशेक आइस्क्रीमशिवायच दाट होते आणि फळ कचऱ्यात जात नाही.

केलेले मिल्कशेक लगेच प्यावे. कापलेल्या केळ्याला हवा लागली की त्यातील एका विकरामुळे ते काळवंडू लागते. मिक्सरमध्ये हवा भरपूर मिसळत असल्याने अर्ध्या-पाऊण तासात पेयाचा रंग मळकट होतो. ते बिघडलेले नसते, पण मूल तोंड फिरवते. वीज नसेल तरी काही अडत नाही. काट्याने कुस्करलेले केळे आणि ताकाची रवी एवढ्यावर हे पेय उत्तम होते.

पावडरीचा हिशेब

आता डब्यातील पावडरीचा विचार न्यायबुद्धीने करावयास हवा. जिच्या वजनाचा एक तृतीयांश भाग साखर आहे अशी पावडर घेतली, तर एका वेळच्या वीस ग्रॅममधून सहा-सात ग्रॅम साखर पोटात जाते. हा सुमारे दीड चमचा झाला. एका पेल्याने कोणाची प्रकृती बिघडत नाही. परंतु पावडर दिवसातून दोनदा दिली जाते, बहुतेक घरांत वरून आणखी एक चमचा साखर पडते, आणि हा क्रम वर्षानुवर्षे चालतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार अशा साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी असावी. ती पाच टक्क्यांहून, म्हणजे मोठ्या माणसाच्या बाबतीत साधारण पंचवीस ग्रॅमहून, कमी राखल्यास अधिक चांगले. लहान मुलाची मर्यादा त्याहूनही खाली येते. त्यातील मोठा वाटा केवळ 'शक्ती'च्या नावाने दिलेल्या पेयात संपावा, हे शहाणपणाचे नाही.

दुसरी बाब अधिक बोलकी आहे. अशा डब्यांवरील पोषणमूल्यांच्या तक्त्यात पुष्कळदा 'दुधासह' असा रकाना असतो. त्यातील प्रथिने आणि कॅल्शियम यांचा मोठा भाग दुधातून आलेला असतो, आणि ते दूध ग्राहकाने वेगळे पैसे मोजून आणलेले असते. दोनशे मिलिलिटर गायीच्या दुधात सहा-सात ग्रॅम प्रथिने आणि सुमारे दोनशे चाळीस मिलिग्रॅम कॅल्शियम असते. श्रेय मात्र डब्याला मिळते. शंभर ग्रॅम केळ्यात एकोणनव्वदच्या आसपास किलोकॅलरी, अडीच ग्रॅमहून थोडे अधिक तंतू आणि साडेतीनशे मिलिग्रॅमहून थोडे अधिक पोटॅशियम असते. मिल्कशेक गाळले जात नाही, त्यामुळे तंतू पेल्यातच राहतात. तेव्हा एक केळे आणि पेलाभर गायीचे दूध यांतून मुलाला सव्वादोनशेच्या घरात किलोकॅलरी मिळतात. संध्याकाळच्या भुकेला हे पुरेसे आहे आणि रात्रीचे जेवणही मारले जात नाही.

घरच्या पेयाची स्तुती करताना त्याची उणीव झाकणे योग्य नव्हे. दूध आणि केळे या दोहोंतही लोह अल्प असते. काही पावडरींत लोह आणि जीवनसत्त्वे वरून मिसळलेली असतात, हा त्यांच्या बाजूचा खरा मुद्दा आहे. म्हणून मिल्कशेक हे जेवणाची जागा घेणारे पेय मानू नये. लोहासाठी पालेभाज्या, कडधान्ये, बाजरी आणि हलीव यांनाच पानात स्थान द्यावे लागेल. मधुमेही व्यक्तींनी, तसेच मूत्रपिंडाच्या विकारामुळे पोटॅशियमवर मर्यादा असलेल्या रुग्णांनी, हे पेय वैद्यकीय सल्ल्यावाचून घेऊ नये.

विरुद्धाहाराचा आक्षेप

दूध आणि केळे हा विरुद्धाहार आहे, असा आक्षेप अनेक घरांत घेतला जातो. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण त्याला ग्रंथाधार आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सव्विसाव्या अध्यायात दुधाबरोबर घेऊ नयेत अशा फळांची सूची आहे आणि तिच्यात 'मोच' म्हणजे केळे येते. परंतु ग्रंथाचा आधार घ्यायचा तर तो पूर्ण घ्यावा. त्याच अध्यायात पुढे असेही सांगितले आहे, की जो आहार सवयीने सात्म्य झाला आहे, जो अल्प प्रमाणात घेतला जातो, आणि ज्याचा जठराग्नी प्रदीप्त आहे, जो तरुण आहे, स्निग्ध आहार व व्यायाम यांनी बलवान आहे, त्याच्या बाबतीत विरुद्धाहार निष्प्रभ ठरतो. पिढ्यानपिढ्या शिकरण खाणाऱ्या आणि मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलाला हे वर्णन पुष्कळसे लागू पडते. आधुनिक आहारशास्त्रातही निरोगी माणसाला या जोडीने अपाय होतो असा ठोस पुरावा आढळत नाही.

तरीही ज्याला हे पेय घेतल्यावर जडपणा वाटतो, कफ वाढतो किंवा दूधच पचत नाही, त्याने आपल्या प्रकृतीचे ऐकावे. त्याने केळे दुपारी खावे आणि दूध रात्री प्यावे. त्याचे काहीही बुडत नाही. परंपरेचा आदर म्हणजे एक ओळ कंठस्थ करून दुसरी विसरणे नव्हे.

केळे कोठून येते

पेल्यातील केळ्याचा माग काढला तर महाराष्ट्रात तो बहुधा खानदेशात पोहोचतो. भारत हा जगातील सर्वांत मोठा केळी-उत्पादक देश आहे. जगाच्या उत्पादनातील सुमारे चौथा हिस्सा येथे पिकतो. जळगाव जिल्ह्यातील रावेर आणि यावल हे तालुके केळीसाठी ओळखले जातात. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. २०२१ मध्ये तांदलवाडी गावच्या शेतकऱ्यांची बावीस टन मानांकित केळी दुबईला रवाना झाली. बसराई आणि श्रीमंती या जुन्या वाणांची जागा आता बव्हंशी ऊतिसंवर्धित 'ग्रँड नैन'ने घेतली आहे.

हे कौतुक खरे आहे. पण निर्यात होते ती देशातील उत्पादनाच्या अगदी अल्प भागाची. बाकी सारे केळे देशातच खाल्ले जाते. म्हणजे बागाईतदाराचा खरा ग्राहक दुबईत नाही. तो भुसावळ, पुणे, नागपूर, दिल्ली येथील गल्लीत हातगाडीपाशी उभा आहे. केळीच्या बागेला जवळजवळ वर्षभर जपावे लागते. मे-जूनमधील वादळी वारा एका रात्रीत ती आडवी करतो, आणि कुकुंबर मोझॅक विषाणूचा प्रादुर्भाव झाला तर रोपे उपटून टाकावी लागतात. एवढे करून घड कापला, की तो थांबत नाही. कांद्यासारखे केळे चाळीत साठवता येत नाही. आवक वाढली आणि उठाव नसला की पडेल त्या भावाने विकणे एवढेच बागाईतदाराच्या हाती उरते. अशा मालाला सर्वांत मोठा आधार असतो तो घरोघरीच्या नित्य खपाचा. एका कुटुंबाच्या दोन केळ्यांनी भाव चढत नाही, हे उघड आहे. परंतु लक्षावधी कुटुंबांच्या सवयींतूनच बाजार घडतो. डब्याची सवयही अशीच, एकेका घराने लावून घेतलेली आहे.

दुधाचीही हीच कथा आहे. १९७० साली सुरू झालेल्या 'दूध महापूर' योजनेने आणि डॉ. वर्गीस कुरियन यांच्या नेतृत्वाने देशाला दुधात स्वावलंबी केले. १९९८ पासून भारत जगातील सर्वांत मोठा दूध-उत्पादक देश आहे. तरीही २०२४ साली महाराष्ट्रात गायीच्या दुधाचे भाव घसरले आणि राज्य शासनाला लिटरमागे पाच रुपये अनुदान द्यावे लागले. उत्पादन वाढले म्हणून उत्पादक सुखी झाला, असे आपोआप घडत नाही.

ग्राहकालाही काही पथ्ये पाळावी लागतात. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकविण्यास २०११ च्या नियमांनुसार बंदी आहे; नियंत्रित प्रमाणात इथिलीन वायू वापरण्यास मात्र अनुमती आहे. हा वायू पिकणारे फळ स्वतःही सोडते, म्हणून पिकवणगृहात तो वापरण्यात गैर काही नाही. केळे कशाने पिकविले हे नुसत्या नजरेने निश्चित सांगता येत नाही. तेव्हा थोडी हिरवट फणी आणून घरी पिकू देणे हा सुज्ञ मार्ग होय. कागदी पिशवीत एका पिकलेल्या चिकूसोबत ठेवली तर ती लवकर पिकते. हिरवी फणी शीतकपाटात ठेवू नये. तेरा अंश सेल्सिअसच्या खाली तिचे पिकणे बिघडते आणि साल काळी पडते.

स्वदेशीची खरी कसोटी

येथे स्वदेशीचा विचारही स्पष्ट झाला पाहिजे. परदेशी कंपनीचा डबा नाकारून देशी कंपनीचा डबा आणला, म्हणजे व्रत पाळले गेले, अशी अनेकांची समजूत असते. परंतु डब्यावर भारतीय नाव छापले म्हणून साखरेचा गुणधर्म बदलत नाही, आणि मुलाच्या दातांना कंपनीचे राष्ट्रीयत्व कळत नाही. वेष्टनावरील घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिणे बंधनकारक आहे. त्या यादीत साखर पहिल्या तीन नावांत असेल, तर डबा कोणाचाही असो, तो खाली ठेवावा. संस्कृत नाव, औषधी वनस्पतींचे चित्र किंवा 'पारंपरिक' हा शिक्का यांमुळे हा नियम शिथिल होऊ नये. किंबहुना आपल्या माणसाच्या मालाची परीक्षा अधिक काटेकोरपणे करणे, हेच आपलेपणाचे लक्षण आहे.

स्वदेशीचा मूळ अर्थ गरज आणि उत्पादन यांतील अंतर कमी करणे हा आहे. घरी केलेल्या मिल्कशेकमध्ये गोठा, बाग आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये कारखाना, जाहिरात आणि वेष्टन येत नाही. पेल्यात काय आहे, हे पिणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असते. स्वावलंबन याहून अवघड भाषेत सांगण्याचे कारण नाही.

एक गोष्ट मात्र स्वावलंबनाच्या नावाखाली विसरली जाऊ नये. 'घरीच करावे' असे पुरुष सहज म्हणतात आणि ते काम निमूटपणे घरातील स्त्रीच्या वाट्याला येते. नोकरीहून परतलेल्या आईला डबा उघडणे सोयीचे वाटले, तर दोष तिचा नाही. तिला एकटी पाडणाऱ्या घराचा आहे. मिल्कशेक ही तर दहा-बारा वर्षांच्या मुलाने वडिलांच्या देखरेखीखाली शिकावी इतकी सोपी कृती आहे. भांडे कसे बसवावे, झाकण दाबून कसे धरावे, पात्याला हात लावण्यापूर्वी बटण बंद करून पिन कशी काढावी आणि शेवटी भांडे कसे विसळून ठेवावे, हे सारे त्यात आले. स्वतःच्या हाताने केलेले मूल आनंदाने पिते, हा अनुभव घरोघरी येतो.

ही सवय घराबाहेरही नेता येईल. वाढदिवस, स्नेहसंमेलने आणि बालशिबिरे यांतून शीतपेयांच्या बाटल्या सर्रास वाटल्या जातात. पन्नास मुलांना दीडशे मिलिलिटरचा पेला द्यावयाचा, तर पाच लिटर दूध आणि तीस केळी एवढेच सामान लागते. दूध आदल्या रात्री उकळून गार करून ठेवावे, केळी आयत्या वेळी सोलावीत आणि एकेका पंगतीपुरतेच पेय करावे. पेले स्टीलचे असावेत. साली गायीसमोर किंवा खताच्या खड्ड्यात जाव्यात. दोन मिक्सर आणि चार स्वयंसेवक यांना अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागू नये. येत्या सुट्टीतील शिबिराच्या सामानाची यादी करताना व्यवस्थापकांनी एवढा एक बदल करून पाहावा.